न उचललेले पैसे

माझी सगळी नोकरी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. तारण काय, व्याज किती, वसुली कशी, याच प्रश्नांतून माणसं बघायची सवय लागली. मुलगी साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात क्रेडिट कार्डांच्या कामात आहे, म्हणून तिच्याकडे जाऊन राहिलो आणि तिथे माझ्याच धंद्यातला एक प्रश्न धर्माचा होऊन समोर आला. जिची किंमत घेताच येत नाही, अशी वस्तू जगात असते का?

सू फॉल्सला कार्डांचा धंदा आला तो व्याजामुळे. महागाईच्या काळात न्यूयॉर्कमधली व्याजाची मर्यादा सिटीबँकेला परवडेना. साउथ डकोटाने १९८० मध्ये आपली मर्यादाच काढून टाकली आणि १९८१ मध्ये बँकेने कार्डांचं काम तिथे नेलं. १९८३ मध्ये राज्याने ट्रस्टच्या आयुष्यावरची मर्यादाही उठवली, त्यामुळे श्रीमंत घराण्यांचा पैसा तिथे कायद्याने अनंतकाळ राहू शकतो. आपल्या धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता. व्याज मुद्दलाइतकं झालं की थांबायचं. मुंबई इलाख्याच्या कोर्टांनीही तो मानला. पैशाच्या वाढीला कुठेतरी अडवलं पाहिजे, हे त्यामागचं शहाणपण मला आजही पटतं. साउथ डकोटाच्या मतदारांनाही पटलं असावं. २०१६ मध्ये त्यांनी छोट्या, महागड्या कर्जांवर भरघोस मतांनी ३६ टक्क्यांची मर्यादा घातली.

राज्य आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश आणि वस्ती २०२० च्या जनगणनेत नऊ लाखांच्याही आत. मिझुरी नदी त्याचे दोन भाग करते आणि लोकही ‘ईस्ट रिव्हर’, ‘वेस्ट रिव्हर’ असंच बोलतात. पूर्वेला हिमनद्यांनी सपाट केलेली काळी जमीन, मका आणि सोयाबीन. पश्चिमेला पाऊस कमी, गवताची माळरानं आणि माणसांपेक्षा कितीतरी जास्त गुरं. नदीवरच्या ओआहे धरणाने लकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांची काठची सुपीक जमीन पाण्याखाली घातली. चांदोलीचे धरणग्रस्त कर्ज मागायला माझ्यासमोर बसलेले आहेत, त्यामुळे ते दुःख मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

बॅडलँड्सचे झिजलेले कडे ओलांडले की ब्लॅक हिल्स लागतात. पाइनच्या गर्द झाडीमुळे हे डोंगर दुरून काळे दिसतात. लकोटांच्या कथेप्रमाणे माणसं इथल्या विंड केव्ह गुहेतून वर पृथ्वीवर आली. जवळच्या बेअर ब्यूटवर चढताना झाडांना बांधलेले रंगीत कापडाचे तुकडे दिसतात. कुणीतरी केलेल्या त्या प्रार्थना असतात. जावयाने फोटोसाठी फोन काढला तसा मुलीने त्याचा हात खाली घेतला. मला तिचं बरं वाटलं.

अमेरिकेशी झालेल्या १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने हे डोंगर सू लोकांकडे राहिले होते. लकोटा हे त्यांच्यापैकीच. तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय जमीन सुटणार नाही, असं तहातच लिहिलेलं होतं. १८७४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कस्टरच्या मोहिमेला इथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जेमतेम दहा टक्के सह्यांवर डोंगर घेतले. लीड गावची होमस्टेक खाण पुढे सव्वाशे वर्षं चालली. तिच्यातून सुमारे चार कोटी औंस सोनं निघालं. राज्याने व्याजाची मर्यादा उठवली त्याच वर्षी, जून १९८० मध्ये, सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की ही जमीन घेतल्याची भरपाई सरकारने दिलीच पाहिजे. जमिनीची १८७७ ची किंमत १ कोटी ७१ लाख डॉलर, वर पाच टक्के व्याज. मी वहीत हिशेब मांडला. १०३ वर्षांचं सरळव्याज धरलं की साडेदहा कोटींच्या आसपास रक्कम येते आणि निकालाचा आकडाही तेवढाच आहे. चक्रवाढ धरलं असतं तर तो अडीचशे कोटींच्या पुढे गेला असता. घेणाऱ्याने स्वतःसाठी कुठलं व्याज निवडलं, हे कर्जखात्यातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

पण सू लोकांनी ते पैसे उचललेच नाहीत. सरकारी खात्यात पडून पडून ती रक्कम शंभर कोटी डॉलरच्या वर गेली आहे. पाइन रिजच्या राखीव प्रदेशातला ओग्लाला लकोटा परगणा देशातल्या सर्वांत गरीब परगण्यांपैकी एक आहे, तरीही नाही.

हा नकार मला समजला तो देवस्थान इनामामुळे. सातबाऱ्यावर देवाचं नाव असलेली जमीन आम्ही कधी तारण घेतली नाही. कायद्याने देव मालक आणि पुजारी वहिवाटदार. पुजाऱ्याच्या घरात लग्न असो की आजारपण, त्याने कितीही गयावया केली तरी जी वस्तू त्याची नाही ती तो गहाण कशी ठेवणार? लकोटांचं म्हणणं याहून कडक आहे. पैसे घेतले की १८७७ ची लूट मागाहून विक्री ठरते, आणि विकणारे ते स्वतः ठरतात. मेलेल्या आजोबांच्या वतीने अशी सही करण्याचा अधिकार नातवाला नाही. या नकाराला मी उपासना समजतो. रोजच्या गरजेत टिकणारी आणि म्हणून अवघड.

आक्षेप आहेत. लकोटा स्वतः अठराव्या शतकात या डोंगरांत आले, आधी इथे दुसऱ्या जमाती होत्या. खरं आहे. पण श्रद्धेला खरेदीखताची तारीख लागत नाही, आणि तह अमेरिकेने केला तो लकोटांशी. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. भुकेल्या मुलाच्या नावावर मोठ्यांनी तत्त्व पाळावं का? यावर मी बरीच रात्र मुलीशी बोललो. ती म्हणाली, ‘‘बाबा, वाटले तर माणशी काही हजार डॉलर येतील. ते संपल्यावर त्या मुलाकडे मागायला काय उरेल?’’ कर्जमाफीनंतरची खाती मी पाहिली आहेत. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

२०१२ मध्ये सू जमातींनी डोंगरांतलं पे स्ला हे पवित्र माळरान सुमारे नव्वद लाख डॉलर मोजून विकत घेतलं. पैसे घेणार नाही म्हणणाऱ्यांनी पैसे दिले, यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. देवाची वस्तू सोडवून आणणं आणि ती विकणं या दोन गोष्टी एका वहीत लिहिता येत नाहीत. १९८० च्या दशकात सिनेटर बिल ब्रॅडली यांनी विधेयक मांडलं होतं की केंद्र सरकारच्या ताब्यातली सुमारे तेरा लाख एकर जमीन सू लोकांना परत द्यावी. खासगी घरं-शेतं त्यातून वगळलेली होती, माउंट रशमोरही. ते मंजूर झालं नाही. डोंगरांलगतच्या रॅपिड सिटी शहरातल्या एकाही घरमालकाला न हलवता हे करता येत असताना ते विधेयक पुन्हा का मांडू नये, याचं पटण्यासारखं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.