शंकासमाधान : मन कुठे दुखते ते पाहा

प्रश्न : आमचे घर बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मंडळीतल्या स्त्रियांची प्रार्थनासभा बरीच वर्षे मी चालवत आले. यंदा नाताळच्या आधीच्या सभा पाळकसाहेबांनी एका तरुण मुलीकडे दिल्या. ती हिंदीत प्रार्थना करते आणि चांगली करते. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेले नाही. मी स्वतःला समजावते की मला मंडळीची काळजी आहे, मराठी मागे पडेल याची चिंता आहे. तरी आतून वाटते की हा गर्वच आहे. देवाजवळ नम्रता मागते, आणि मागून झाले की आपण नम्र झालो असे वाटून मन सुखावते. आपल्यात गर्व आहे की नाही, हे ओळखावे कसे?
– एक भगिनी, सिंधीपुरा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुम्हाला जेवण गेले नाही. ती तुम्ही लपवली नाही, याबद्दल मी तुमचा आभारी आहे, कारण उत्तर तिथूनच सुरू होते.

डोळे मिटून मनात गर्व शोधायला बसले की तो सहसा सापडत नाही. आपण स्वतःची झडती घेतो आणि बहुधा निर्दोष सुटतो. नाहीतर स्वतःला मोठा पापी ठरवतो आणि त्या कबुलीचेच आपल्याला कौतुक वाटू लागते. गर्व हाती लागतो तो दुखावल्यावर. कोणी आपल्याला ओलांडून पुढे गेले, चारचौघांत चूक दाखवली, आभार मानताना आपले नाव घ्यायचे विसरले, की आत जी कळ उठते ती खोटे बोलत नाही.

दुसऱ्या इतिहासाच्या सव्विसाव्या अध्यायात उज्जीया राजाची हकीकत आहे, ती आज पुन्हा वाचा. हा राजा सोळाव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने बावन्न वर्षे राज्य केले. त्याने बुरूज बांधले, पाण्याची टाकी खोदली. शेतीची त्याला मनापासून आवड होती, आणि देव त्याला साहाय्य करत होता. बळ वाढले तसे त्याचे मन चढले, आणि एके दिवशी तो स्वतः धूप जाळायला मंदिरात शिरला. ते काम याजकांचे होते. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे ऐंशी जण आडवे आले. इथे शास्त्रकाराने एक बारीक गोष्ट टिपली आहे. उज्जीयाच्या कपाळावर कोड उठले, ते तो मंदिरात शिरला तेव्हा नव्हे. हातात धुपाटणे धरून तो याजकांवर संतापला, तेव्हा उठले. तोवर त्याला स्वतःलाही वाटत असेल की मी भक्ती करायला आलो आहे. अडवल्यावर आलेल्या रागाने तो कशासाठी आला होता ते उघड केले.

मी तुम्हाला उज्जीयाच्या रांगेत बसवत नाही. तुमचे काम तुमचेच होते आणि तुम्ही ते निष्ठेने केले. पण परीक्षा तीच आहे. सेवा हातातून काढून घेतली गेली, तेव्हा काय दुखले? देवाचे काम अडले म्हणून दुखले, की ते माझ्यावाचून चालले म्हणून?

तुमच्याच बाबतीत हे तपासायला सोपे आहे. तीच मुलगी अस्खलित मराठीत प्रार्थना करत असती, तर त्या रात्री तुम्हाला जेवण गेले असते का? उत्तर मला कळवू नका, ते तुम्हाला ठाऊक आहे. जेवण गेले असते, तर तुमची चिंता खरोखर भाषेची आहे. ती रास्त आहे आणि पाळकसाहेबांशी मोकळेपणाने बोलण्याजोगी आहे. तापीकाठच्या या गावात कितीतरी वृद्ध स्त्रियांना देवाशी मराठीतच बोलता येते, त्यांच्यासाठी मराठी सभा टिकली पाहिजे. पण जेवण गेले नसते, तर मराठीला पुढे करून आपण तिच्यामागे उभे आहोत, हे मान्य करावे लागेल. गर्व नेहमी एखादे चांगले कारण पुढे करतो: मंडळीची शिस्त, मुलांचे भले, शिकवणीची शुद्धता. ही कारणे खोटी नसतात, म्हणूनच आपण फसतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या थोरल्या भावाकडे आपण पुरेसे पाहत नाही. त्याने कधी घर सोडले नाही, कधी पैसा उडवला नाही. तरी शेवटी घराबाहेर उभा आहे तो तोच. बापाने समजूत घातली तेव्हा त्याने पहिल्यांदा काय काढले? आपण किती वर्षे राबलो याचा हिशेब. मंडळीत ज्यांनी आयुष्य घातले, त्यांचा गर्व बहुतेक वेळा वर्षांच्या मोजणीतून बोलतो. तुमच्या पत्रातही ‘बरीच वर्षे’ आले आहे. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण ते मनात किती वेळा येते, याकडे लक्ष ठेवा.

दुसरी खूण नजरेची आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी वाईट प्रार्थना करत नव्हता. तो देवाचे आभार मानत होता, उपवास करत होता, दशांश देत होता. बिघडले ते एवढेच की देवासमोर उभे असताना त्याची नजर बाजूच्या जकातदाराकडे गेली. बाराव्या शतकात क्लेअरवोच्या बर्नार्डने नम्रतेच्या आणि गर्वाच्या पायऱ्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात गर्वाच्या बारा पायऱ्या आहेत. बढाई, हट्ट, बंड या पुढच्या गोष्टी. पहिली पायरी आहे ती इकडेतिकडे भिरभिरणाऱ्या नजरेची: दुसरा काय करतो, माझ्याहून वर आहे की खाली, हे पाहत राहण्याची. ती मुलगी प्रार्थना करत होती, तेव्हा तुम्ही प्रार्थना करत होता की तिची प्रार्थना ऐकत होता? मला वाटते, वर्षानुवर्षे सभा चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच हा प्रश्न लागू आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने स्पष्ट सांगतो. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर तुमच्याशी चार शब्द न बोलता हा बदल केला गेला असेल, तर ते मंडळीचे चुकले. त्याचे वाईट वाटणे हा गर्व नव्हे. माणसाला माणसासारखे वागवले गेले नाही की दुखतेच. ते दुःख पाळकसाहेबांना सांगा. फक्त ते त्या मुलीवर काढू नका, तिचा यात काही दोष नाही.

नम्रता मागून मन सुखावते, याने घाबरून जाऊ नका. चौथ्या-पाचव्या शतकात वाळवंटात राहिलेल्या ख्रिस्ती साधूंनी हा अनुभव नेमका ओळखला होता. त्यांच्या परंपरेत वाढलेल्या जॉन कॅसियनने लिहून ठेवले आहे की इतर विकार हरले की दुबळे होतात, पण मोठेपणाची हाव हरली तरी त्या विजयावरच पोसते. त्यामुळे या विचाराशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. तो आला की हातातल्या कामाकडे वळावे.

आणि काम समोरच आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य त्याच्याकडे तक्रार घेऊन आले होते की सगळे लोक आता येशूकडे चालले आहेत. योहानाने त्यात आनंद मानला. वराचा मित्र वराचा आवाज ऐकून आनंदतो, तसा तो आनंदला. असा आनंद लगेच वाटणार नाही, आणि तो वाटल्याचे नाटकही करू नका. पण तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्या मुलीला ठाऊक नाही: कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा नवरा दारू पितो, कोणाचे नाव सभेत मोठ्याने घ्यायचे नाही. ते तिला सांगा. जी गोष्ट फक्त आपल्याजवळ आहे ती दुसऱ्याच्या हाती देताना मन किती आखडते, तेही त्या वेळी तुम्हाला दिसेल.

प्रश्न : मी लूमच्या कारखान्यात काम करतो. तिथे मला ‘ए’ म्हणून हाक मारतात. मी एकदा म्हणालो, नावाने बोलवा. त्यावरून बोलाचाली झाली. आई म्हणते, ख्रिस्ती माणसाने लीन असावे, हा तुझा गर्व आहे. मंडळीतले वडीलही तेच म्हणाले. आपला मान मागणे हा गर्व आहे का?
– एक तरुण, सिंधीपुरा

उत्तर : नाही भाऊ. तुम्ही नाव मागितलेत, सिंहासन मागितले नाहीत.

हा प्रश्न तुमच्या गावात फार जुना आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर थॉमस रो सुरतेहून अजमेरला जहांगीराकडे निघाला होता, तेव्हा नोव्हेंबर १६१५मध्ये तो बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारी गेला. अधिकाऱ्याने त्याला जमिनीला डोके टेकायला सांगितले. रोने नकार दिला, की हा रिवाज सेवकांचा आहे आणि मी सेवक म्हणून आलेलो नाही. तो आपल्या पद्धतीने झुकला आणि ते चालून गेले. पुढे त्याने वरच्या पायरीवर उभे राहण्याची जागा मागितली. ती मिळाली नाही. मग खुर्ची मागितली. तीही मिळाली नाही. अखेर चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा मिळाली. हे सारे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. पहिल्या नकारात मला स्वाभिमान दिसतो. पायरी आणि खुर्चीच्या मागणीत मात्र दुसरेच काहीतरी मिसळलेले वाटते. माणूस म्हणून उभे राहण्याची जागा त्याला मिळाली होती. पुढची घासाघीस इतरांहून वर असण्याची होती.

पौलाने काय केले तेही पाहा. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारले आणि तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौल अडून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. ते आले आणि त्यांनी विनवणी केली. पौल आपल्या मानासाठी अडला का? तो तर लगेच शहर सोडून जाणार होता. मागे राहणार होती ती लुदियेच्या घरी जमणारी नवी मंडळी, आणि उद्या तिच्यावर हात टाकण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी दोनदा विचार करणे गरजेचे होते. खुद्द प्रभूलाही प्रमुख याजकापुढे एका शिपायाने चपराक मारली. त्याने उलट हात उगारला नाही, पण मारण्याचे कारण मात्र विचारले. अन्यायाला प्रश्न विचारणे लीनतेत बसते.

तुमच्या आईचे मन मी समजू शकतो, तिला नोकरीची काळजी आहे. पण मंडळीच्या वडिलांना माझी विनंती आहे. आपल्या मराठी मंडळ्यांतली पुष्कळ घराणी अशा समाजांतून आली आहेत, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान वर करू दिली गेली नाही. त्यांच्या मुलांना लीनतेचा उपदेश करण्यापूर्वी मरियेचे गीत वाचा. त्यात देव बलवानांना गादीवरून उतरवतो आणि दीनांना उंच करतो. नम्रतेचा उपदेश फक्त खालच्यालाच ऐकवला जात असेल, तर तो शुभवर्तमानाचा नाही.

आता एक प्रश्न तुम्हाला, भाऊ. कारखान्यात चहा घेऊन येणाऱ्या पोराला तुम्ही नावाने हाक मारता, की ‘ए छोटू’? नावाने मारत असाल, तर तुमची मागणी माणुसकीची आहे, ती सोडू नका. तसे नसेल, तर तुम्हाला मान हवा आहे तो फक्त स्वतःसाठी. तिथे आईचे म्हणणे थोडे खरे ठरते.

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शिक्षण, नोकऱ्या, सगळे देवकृपेने मिळाले. मंडळीत अलीकडे गावाकडची काही कुटुंबे येऊ लागली आहेत. त्यांच्याशी आम्ही प्रेमाने वागतो, पण घरोबा होत नाही. हा गर्व म्हणावा का?
– निवृत्त शिक्षक, बुऱ्हाणपूर

उत्तर : गुरुजी, हो. मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ते कसे सुटले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. कोणाशी वाद घालून किंवा पुस्तक वाचून ते गेले नाही. आपण ज्यांना दूर ठेवतो त्यांना देवाने वेगळे घडवलेले नाही, हे एकदा मनाला पटले आणि त्यांनी सर्वांच्या हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्म्याच्या आधी त्यांनी जे सोडले, ते बाप्तिस्म्यानंतर तीन पिढ्या आपल्यापैकी कितीजणांनी जपले आहे! जातीच्या जागी आता शिक्षण आले, नोकरी आली, ‘आमचे आजोबा मिशनच्या शाळेत होते’ हे आले.

तुम्ही देवकृपेने मिळाले असे लिहिता. पौल करिंथकरांना हेच विचारतो, की जे मिळालेले आहे त्याचा अभिमान न मिळाल्यासारखा का मिरवता? बुऱ्हाणपुरात अनेक वर्षे राहिलेल्या अब्दुल रहीम खानखानाची आख्यायिका तुम्ही शाळेत मुलांना सांगितली असेल. दान देताना तो नजर खाली ठेवी, कारण देणारा दुसराच कोणी आहे आणि लोक मात्र आपले नाव घेतात, याची त्याला लाज वाटे. तो मुसलमान होता, पण डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने उजव्या आणि डाव्या हाताबद्दल जे सांगितले, ते त्या खाली घातलेल्या नजरेत मला दिसते.

प्रेमाने वागणे आणि बरोबरीने वागणे यांत अंतर आहे. वरून खाली प्रेम करणे सोपे असते, त्यात आपली जागा हलत नाही. नव्या कुटुंबांना तुम्ही घरी बोलावले असेल, जेवूही घातले असेल. पण त्यांच्या घरी तुम्ही कधी गेलात का? येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्यापैकी एखाद्या घरी स्वतःहून जा. जे पुढे येईल ते जेवा. त्यांच्या मुलांनी गावाकडच्या बोलीत प्रार्थना केली तर ती दुरुस्त न करता ऐका. आणि परत आल्यावर याबद्दल कोणाला काही सांगू नका, मलाही पत्राने कळवू नका.