पैलवान कुठला?

म्हैसूरच्या दसऱ्याला बाहेरची माणसं जंबू सवारी बघायला येतात. कुस्तीचे शौकीन मात्र दोड्डकेरे मैदानावरच्या साहुकार चन्नय्या आखाड्याची वाट धरतात. सणाच्या काही आठवडे आधीच जोडी लावायचं काम सुरू होतं. दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, उंची, वजन, वय बघायचं, मागच्या कुस्त्यांची चौकशी करायची आणि जाणत्यांनी मान हलवली की नावं कागदावर चढवायची. बेळगाव, सांगली, कोल्हापूरकडची पोरंही इथे उतरतात. आखाड्यापासून नजरबाद मोहल्ला लांब नाही. तिथे चामुंडी विहार स्टेडियम आहे, सरकारी क्रीडा वसतिगृह आहे आणि गावोगावहून निवडून आणलेली मुलं आहेत. आखाडा असो की स्टेडियम, नवख्या पोराला पहिला प्रश्न एकच विचारला जातो: कुठला रे तू?

पूर्वी याचं उत्तर एका शब्दात भागायचं. आता जरा बैठक मारून सांगावं लागतं.

१४ जानेवारी २०२३ ला पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. कागदावर ती नांदेडचा शिवराज राक्षे विरुद्ध सोलापूरचा महेंद्र गायकवाड अशी होती. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा. खेळला नांदेडकडून. आणि दोघेही तयार झाले ते एकाच छताखाली, कात्रजला काका पवारांच्या कुस्ती संकुलात. २०२० मध्येही हेच घडलं होतं. तेव्हा अंतिम फेरीत समोरासमोर आलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही पवारांचेच पठ्ठे. २०२३ च्याच नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखने गदा उचलली. त्याचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं मोहोळ, तालीम कोल्हापूरची गंगावेश आणि नावापुढे जिल्हा वाशिम. दूध एका गावचं, माती दुसऱ्या गावची, पाटी तिसऱ्या गावची.

यात कोणी नियम मोडला असं नव्हे. जिल्ह्याच्या संघात जागा मोजक्या. पुण्या-कोल्हापुरात एकेका जागेसाठी झुंबड, तर दुसरीकडे जिल्ह्याला तगडा पैलवान हवा असतो. दोघांची गरज जुळते. पण गदा आता एकटी येत नाही. जानेवारीच्या त्या स्पर्धेत विजेत्याला महिंद्रा थार आणि रोख ५ लाख मिळाले, उपविजेत्याला ट्रॅक्टर. स्पर्धा भरवली होती मुरलीधर मोहोळ यांच्या संस्कृती प्रतिष्ठानने. मैदानावर गाडी उभी राहिली की जिल्ह्याची पाटी बदलायला पैलवानाला फार समजवावं लागत नाही.

पैलवान पैशामागे गेले की जुनी मंडळी हळहळतात. त्यांच्या हळहळण्यात तथ्य असलं तरी इतिहास नाही. कुस्ती कधीच फुकट नव्हती. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं क्रीडागार पाहून आले आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं राहिलं. महाराजांनी लांबलांबून मल्ल आणले, त्यांचा खुराक दरबारातून चालवला. आजच्या भाषेत ही भरतीच. म्हैसूरच्या वडियारांनीही मल्ल पोसले आणि पटवर्धनी संस्थानांमध्ये याच कारणासाठी चढाओढ असे. संस्थानं गेली तशी ही जागा आधी साखर कारखान्यांनी घेतली, मग रेल्वे, पोलीस आणि लष्कराने. महाराष्ट्र केसरीची तीन-तीनदा गदा जिंकणारे नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा राहुल आवारेही झाला. खेड्यातल्या बापाला ‘डीवायएसपी’ हा शब्द कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर कळतो.

म्हणून अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बातम्या मराठी वाचकाला वाटतात तितक्या परक्या नाहीत. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, खांद्याला खांदा भिडवून खेळायचा अमेरिकी खेळ. लाखभर प्रेक्षक बसतील अशी स्टेडियम त्यासाठी विद्यापीठांनी बांधली आहेत. प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर मिळतात. खेळणाऱ्या पोराला अनेक दशकं शिष्यवृत्ती, खोली आणि जेवण यापलीकडे काही घ्यायला बंदी होती. बंदी होती म्हणून कोणी घेत नव्हतं असं मात्र नाही. टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या धनाढ्य चाहत्यांनी १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर लपूनछपून दिले. ते उघडकीला आलं आणि १९८७ मध्ये विद्यापीठाचा अख्खा हंगामच रद्द झाला.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज खेळांच्या संघटनेला, म्हणजे एनसीएएला, एकमताने फटकारलं आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख विकायला मुभा मिळाली. बूट, बर्गर, मोटारी, काहीही. त्याच महिन्यात अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी भर सभेत सांगून टाकलं की आपल्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूची, कमाई दहा लाख डॉलरच्या घरात पोचली आहे. तो क्वार्टरबॅक ब्राइस यंग. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून तोवर तो एकही सामना खेळला नव्हता.

खरी गोम इथेच आहे. जाहिरातीचा पैसा नामवंताला मिळतो, हे जगात सगळीकडे चालतं. इथे तो नाव होण्याआधी मिळू लागला. चाहत्या देणगीदारांनी विद्यापीठागणिक गट काढले. आपल्याकडच्या मंडळासारखीच त्यांची रचना: वर्गणी गोळा करायची आणि आपल्या आळीचा गणपती शेजारच्यापेक्षा मोठा करायचा. कागदावर हे पैसे जाहिरातीचे, प्रत्यक्षात अमुक कॉलेजात ये म्हणून दिलेले. मिशिगनमधल्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवूड जानेवारी २०२४ मध्ये लुइझियाना स्टेटला होकार देऊन बसला होता. नोव्हेंबरात तो घराजवळच्या मिशिगन विद्यापीठाकडे वळला. त्यामागे ओरॅकलचे लॅरी एलिसन यांचा हात होता आणि आकडा कोटी डॉलरच्या आसपास होता, असं तिथल्या वृत्तपत्रांनी छापलं. पोराचं वय १७.

आकडे वाढले तसे शब्द हवेत विरू लागले. जेडन रशादा या शाळकरी क्वार्टरबॅकला फ्लोरिडाकडून १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार दाखवला गेला. करार फिसकटला, पोरगा दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि मे २०२४ मध्ये त्याने प्रशिक्षक बिली नेपियर यांच्यासह इतरांवर फिर्याद ठोकली. टेनेसीच्या निको इयामलेयावाचं नेमकं उलट झालं. सुमारे ८० लाख डॉलरच्या बोलीवर तो आला होता. एप्रिल २०२५ मध्ये मोबदल्याची बोलणी चालू असताना तो सरावाला फिरकला नाही. विद्यापीठाने त्याला निरोप दिला आणि तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत दाखल झाला. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ज्या तडजोडीला मंजुरी दिली, तिच्यानुसार आता विद्यापीठंच आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे जवळपास पावणेदोनशे कोटी रुपये. आणि ते सदर्न मेथडिस्ट? देणगीदारांच्या जोरावर पुढची नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडायची तयारी दाखवून २०२४ मध्ये ते बड्या विद्यापीठांच्या गटात शिरलं आणि त्याच हंगामात राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत पोचलं. १९८७ मध्ये ज्याला गुन्हा म्हणत होते, ती आता अर्थसंकल्पातली एक ओळ आहे.

अमेरिकेत पैसा आधी येतो. आपल्याकडे तो शेवटी येतो, आणि आपली सगळी खेळाडू भरती या ‘शेवटी’भोवती फिरते.

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य मिळालं आणि मग सगळं एकदम आलं: राज्याकडून कोटीचं बक्षीस, रेल्वेत बढती, विमानतळावर ढोलताशे. पंधरा वर्षांचा खर्च चुकवून झाल्यावर बक्षीस येतं. अमेरिकी पद्धत सतरा वर्षांच्या पोरावर जुगार खेळते, आपली पद्धत जुगाराचा पट पोराच्या बापासमोर मांडते. हरणाऱ्यांची नावं कोणाला कळत नाहीत, कारण त्यांच्यावर पैसे लावणारा त्यांच्या घरचाच असतो.

मधली ही वर्षं कोण सांभाळतं? आपल्याकडची कॉलेज भरती याच पोकळीत जन्माला आली. किनारी कर्नाटकात मूडबिद्रीला डॉ. मोहन आळ्वा यांच्या शिक्षणसंस्थेने खेळाडू दत्तक घ्यायची पद्धत पाडली: शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, सराव सकाळ-संध्याकाळ. मंगळूर विद्यापीठ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ ॲथलेटिक्समध्ये वर्षानुवर्षं पहिलं का येतं, याचं उत्तर बहुतांशी मूडबिद्रीच्या त्या वसतिगृहात सापडतं. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२२ मध्ये बंगळुरूला झाल्या, तेव्हा यजमान जैन विद्यापीठच पदकतक्त्यात अव्वल होतं. उत्तरेत तर शर्यतच लागली आहे. विद्यापीठांसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने इतक्यांदा नेला की तो त्यांच्याच कपाटातला वाटायचा. २०२४ चा मात्र चंदीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाकडे गेला आणि दुसरं आलं लव्हली प्रोफेशनल, तेही खासगीच.

नीरज चोप्रा याच लव्हली प्रोफेशनलचा विद्यार्थी. टोकियोच्या सुवर्णानंतर विद्यापीठाने त्याला ५० लाख जाहीर केले. त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पण ऑलिंपिकच्या काळात विद्यापीठांच्या पानभर जाहिराती बघाव्यात. आमचे इतके विद्यार्थी ऑलिंपिकला, म्हणून ओळीने फोटो. अमेरिकेत कॉलेजच्या पोराचा चेहरा कंपनी विकत घेते. इथे तो कॉलेजच वापरतं, प्रवेशाच्या हंगामात, फी भरणाऱ्या हजारो मुलांच्या पालकांसाठी. सवलत म्हणून पोराला मिळते ती फी-माफी आणि मेसचं जेवण. मोठ्या खेळाडूला मागाहून रोख बक्षीस तरी मिळतं. विद्यापीठ पातळीवर पदक आणून फलकावर चढलेल्या कबड्डीपटूला किंवा धावपटूला आपल्या चेहऱ्याचे काही पैसे होतात, हे सहसा कोणी सांगतही नाही. खेलो इंडियाची शिष्यवृत्ती या बाबतीत साधी आणि सरळ आहे. निवड झाली की वरखर्चाला वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, खेळाडूच्या हातात. रक्कम थोडी खरी. पण ती पदकाच्या आधी येते, आणि तिच्या बदल्यात कोणी फोटो मागत नाही.

लिलाव हा तिसरा मार्ग. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांना मिळाला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. एवढी उडी अमेरिकी पोरांनाही हेवा वाटावा अशी. फरक इतकाच की लिलावात खेळाडूने संघ निवडायचा नसतो, संघाने खेळाडू निवडायचा असतो.

संघ निवडण्याची मुभा, पैसा आणि आळीचा अभिमान या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जावं. इथे साधा, पायाने खेळायचा फुटबॉल. पण संघांची नावं अजून तालमींची: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठेतल्या पोराने पेठेकडूनच खेळायचं हा जुना दंडक. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या नोंदणीचे दिवस आले की आता पेठेपेठेत एकच चर्चा: कोण कुठे गेला, कितीला गेला. नायजेरियाचे खेळाडू आले, त्यांच्यावर संख्येची मर्यादा घालावी लागली. करंडकांना राजकारण्यांची नावं, फलकावर त्यांचेच चेहरे. चांगला खेळणाऱ्याला जे मिळतं त्याला ‘मानधन’ म्हणतात. त्याचा आकडा प्रत्येक कट्ट्यावर वेगळा सांगितला जातो. फॉरवर्ड दिलबहारकडून पाटाकडीलकडे गेला की पेठेत गद्दार ठरतो. त्याला फोडणारा कार्यकर्ता मात्र पुढच्या सामन्याला व्यासपीठावर असतो.

या शहरातून वर गेलेला अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा. तो पेठेच्या मानधनावर थांबला नाही. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला आधी शोधलं ते सरकारी योजनेने, देणगीदारांनी नव्हे. ही आठवण कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. त्या वयातल्या दुसऱ्या पोराला आज पेठेतून काय देऊ करतात, तेवढं मात्र सांगत नाहीत.

मराठी पोरं अमेरिकी कॉलेजांच्या भरतीतही आहेत. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून टेनिस खेळला. तेव्हा नाव विकायची मुभा कोणालाच नव्हती. आज ती आहे, पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला तिथे काम करून पैसे घ्यायला कडक बंधनं आहेत. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनेडियन बास्केटबॉलपटू झॅक इडी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, तरी इतरांसारखे सौदे त्याला करता आले नाहीत. न्यू जर्सीत जन्मलेल्या जोशांच्या पोरीला जे करता येतं, ते कोथरूडहून गेलेल्या जोशांच्या पोरीला येत नाही. दोघी एकाच कोर्टवर, एकाच विद्यापीठाची जर्सी घालून सर्व्हिस करत असल्या तरी.