राग आणि अवधान

मनुष्य आपल्या रागास कितपत जबाबदार आहे, हा प्रश्न फार जुना आहे. कोणी म्हणतात, राग वावटळीसारखा येतो, त्यास मनुष्य काय करणार? दुसरे म्हणतात, ज्याला मन आवरत नाहीं तो दोषीच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोन्हीं अपुरीं आहेत.

कठोर शब्द कानीं पडतांच मनांत जी पहिली उसळी उठते ती आपल्या स्वाधीन नसते. पुढें काय घडेल तें मात्र पुष्कळसें अवधानावर, म्हणजे आपण लक्ष कोठें लावितों यावर, अवलंबून असतें. चालू विचारास लागणाऱ्या गोष्टी क्षणभर धरून ठेवण्याची मनांत एक लहानशी जागा आहे. मानसशास्त्रवेत्ते तिला कार्यरत स्मृति म्हणतात. तींत एका वेळीं तीन-चारच गोष्टी मावतात. सावकाराच्या दारीं अपमान सोसून आलेल्या शेतकऱ्याच्या मनांत तोच अपमान घोळत राहिला, तर लेंकराच्या हातून पाणी सांडतांच त्याचा हात उगारला जातो. पण "याचा कांहीं अपराध नाहीं" एवढा एकच विचार त्या क्षणीं त्याला धरून ठेवितां आला, तर प्रसंगाचा अर्थ पालटतो व राग ओसरतो. राग नुसता दाबणें निराळें. त्यानें मुद्रा शांत दिसते, आंत धग राहते.

तर मग ज्याला हें साधत नाहीं तो दोषी ठरला काय? निवाडा करण्यापूर्वीं थोडें थांबावें. ती जागा सर्वांची सारखी मोकळी नसते. तमिळनाडूंतील ४६४ ऊंस-शेतकऱ्यांची शास्त्रज्ञांनीं परीक्षा घेतली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत असें दिसलें कीं, पीक हातीं येण्यापूर्वींच्या ओढाताणींत जे विचारांच्या कसोट्यांत मागें पडले, तेच पिकाचा पैसा आल्यावर सुधारले. बुद्धि तीच होती. चिंतेनें जागा अडविली होती.

अमरावती-अकोल्याकडील कापूसकऱ्यास हें नवें वाटणार नाहीं. पाऊस लांबला, दुबार पेरणी आली, कर्जाची मुदत भरली, म्हणजे मन अहोरात्र तोच हिशेब करितें. अशास "शांत राहा" असा कोरडा उपदेश करणें म्हणजे भरल्या गाडीवर आणखी एक गोणी टाकणें होय.

मग काय करावें? अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम चालला. शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते खिन्न माणसांस भेटत, त्यांचें ऐकून घेत व गरजेप्रमाणें डॉक्टराकडे पाठवीत. आरंभीं खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्यांपैकीं शेंकडा ४.३ जणांनींच मदत घेतली होती. १८ महिन्यांनीं हें प्रमाण २७.२ झालें. यावरून दिसतें कीं, ऐकणारा जवळ असला म्हणजे दुःखी मनुष्य बोलतो.

म्हणून, वाचकहो, आपला राग आपण आवरावा, कारण तेवढी शक्ति बहुधा आपणांस असते. शेजाऱ्याच्या रागाचा मात्र निवाडा करण्याआधीं अर्धा तास त्याच्या ओट्यावर बसावें व त्याचें ऐकावें. दुःख अधिक खोल दिसलें तर त्याला एकटें सोडूं नये. त्याच्यासवें सरकारी दवाखान्यांत जावें.