दर वर्षीं नवा झगा

शास्त्रभाग : १ शमुवेल २:१८-२०, निर्गम ४:१०-१६, योहान ९:१-७

शमुवेलाची आई हन्ना हिच्याविषयीं पवित्र शास्त्रांत एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, व ती पुष्कळदां वाचणाराच्या नजरेंतून सुटते. ती दर वर्षीं आपल्या पतीबरोबर यज्ञासाठीं वर जाई, तेव्हां मुलाकरितां एक लहान झगा शिवून नेत असे. एकच झगा शिवून तिचें काम संपलें नाहीं, कारण मूल वाढत होतें. गेल्या सालचा झगा यंदा आंखूड होई, बाह्या मनगटाच्या वर येत, आणि तिला पुन्हां सुईदोरा घेऊन बसावें लागे. मूल डोळ्यांपुढें नव्हतें, तेव्हां मापही तिनें अंदाजानेंच धरलें असेल.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांत असे कांहीं आईबाप आहेत कीं, ज्यांच्या लेकरांच्या बाबतींत शिवणाचें काम एकदां करून भागत नाहीं. आम्ही ओठ व टाळू दुभंगून जन्मलेल्या बालकांविषयीं बोलत आहों. हा दोष दुर्मिळ नाहीं. जगांत सुमारें ७०० जन्मांमागें एका बालकास तो असतो. म्हणजे दहापांच खेड्यांत हिंडणाऱ्या उपदेशकास असें एखादें घर भेटल्यावांचून राहत नाहीं.

अशा घरीं पाऊल टाकतांच पहिला शब्द जो कानीं पडतो तो ग्रहणाचा. पोटुशी असतां ग्रहणांत हिनें विळी हातीं धरली, म्हणून मुलाचा ओठ कापला गेला, असें सासू म्हणते, शेजारीण म्हणते, आणि शेवटीं ती बिचारी स्वतःही म्हणूं लागते. आम्हांस खेद ह्याचा वाटतो कीं, ज्यांनीं ग्रहणाचें स्नान व दान केव्हांच सोडिलें, त्या घरांतूनही सुनेसाठीं म्हणून विळी तेवढी राखून ठेविली आहे! तर ऐका. गर्भाचा ओठ चवथ्या ते सातव्या आठवड्यांत सांधला जातो, आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास. इतक्या लवकर पुष्कळ स्त्रियांस आपल्याला दिवस गेल्याचें धड ठाऊकही नसतें. त्या दिवसांत दोन्ही बाजूंचा भाग एकत्र येतां येतां राहून गेला म्हणजे फट राहते. सातव्या महिन्यांतील विळीचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. कांहीं घराण्यांत हा दोष पुढें चालत येतो, कांहीं ठिकाणीं इतर कारणें त्यास मिळतात, आणि पुष्कळ वेळां अमुक एक कारण वैद्यांनाही दाखवितां येत नाहीं. जन्मांधाला पाहून शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नांवें खोडून टाकलीं, व तो माती कालवून कामास लागला. आपल्या मंडळींत हा प्रश्न पुन्हां विचारण्याची कोणास मुभा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

पहिलें काम दुधाचें. टाळू फाटलेल्या बालकास तोंडांत ओढ धरतां येत नाहीं, म्हणून तें अंगावर पिऊं शकत नाहीं. प्यालेलें नाकावाटे परत येतें, आणि मूल डोळ्यांदेखत सुकत जातें. आईनें आपलें दूध काढून वाटीचमच्यानें किंवा आपल्या आज्या वापरीत त्या बोंडल्यानें पाजावें, मूल आडवें न घेतां जवळजवळ बसतें धरावें, थोडें थोडें द्यावें व वारंवार ढेकर काढावा. एका वेळच्या दुधाला पाऊणपाऊण तास लागतो. ही कांहीं लहान सेवा नव्हे. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयांत करितात, व त्यासाठीं बालकाचें वजन साडेचार किलोच्या आसपास व अंगांत पुरेसें रक्त असावें लागतें. म्हणून शस्त्रवैद्याच्या सुरीपूर्वीं त्या मातेचा चमचा आहे.

मग टाळू. ती साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोलणें जिभेवर पक्कें बसण्यापूर्वीं शिवतात. पुढें आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, हिरडीच्या फटींत सुळा दांत येण्याआधीं, कमरेच्या हाडांतून थोडें हाड काढून तेथें भरितात. नाक व जबडा ह्यांचें जें कांहीं राहिलें असेल तें वाढ पुरी झाल्यावर. शिवाय कानांत पाणी सांचून ऐकूं कमी येतें, त्याची तपासणी वेगळी. आईबाप विचारतात, हें सारें एकदांच कां करीत नाहींत? कारण मूल वाढतें आहे. मुखाचें हाड वाढावयाचें असतां त्यावर फार लवकर फार काम केलें तर व्रणाच्या ओढीनें वाढच खुंटते. हन्नेनें पहिल्याच वर्षीं मोठ्या माणसाचा झगा शिवून नेला असता तर लहानग्या शमुवेलास तो घालून चालतां आलें नसतें.

येथें एक मोठा मोह आहे, व त्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचें आहे. ओठ शिवून मूल घरीं आलें कीं, सारा गांव पाहावयास लोटतो. पूर्वीं जें तोंड पदराखालीं झाकून नेत, तें आतां उघडें मिरवितां येतें. उपकारस्तुति होते, मंडळींत दान ठेविलें जातें, आणि टाळूची गोष्ट मागें पडते, कारण ती तोंडाच्या आंत आहे व कोणास दिसत नाहीं. आज उसाची तोड आहे, उद्यां पेरणी, मग बहिणीचें लग्न. असें करितां करितां मूल तीन चार वर्षांचें होतें, आणि त्याचे शब्द नाकांतून येऊं लागतात. मग कोणी त्यास शाळेंत चिडवितो, व तें बोलणेंच सोडून देतें. जें लोकांस दिसतें तेवढेंच बरें करून थांबणें हा परूश्यांचा दोष आपण नेहमीं सांगतों. तो आईबापांच्या थकव्यांतूनही उपजतो, व तेथें त्याला रागें भरूं नये, तर हात धरून त्यांस पुन्हां त्या रुग्णालयाच्या वाटेस लावावें.

आम्ही हें परक्यासारखे सांगत नाहीं. आमच्या घरींही देवानें असा एक मुलगा दिला आहे. ओठ शिवला तेव्हां तो चार महिन्यांचा होता, त्यास कांहीं समजलें नाहीं. टाळूच्या वेळीं तो वर्षाचा होऊन गेला होता; आपलें कोण व परकें कोण हें त्यास चांगलें कळत होतें. शस्त्रक्रियेच्या चार तास आधीं आईचें दूधही बंद करावें लागतें, म्हणून तो भुकेनें कासावीस झाला होता. दाराशीं परिचारिकेनें हात पुढें केले तेव्हां त्यानें आईचा पदर मुठींत धरला. ती मूठ तिलाच एकेक बोट करून सोडवावी लागली. पुढें दोन आठवडे, बोट तोंडांत जाऊन टांके उसवूं नयेत म्हणून, त्याच्या कोंपरांस पट्ट्या बांधून हात ताठ ठेविले होते. माशी बसली तरी त्यास हांकतां येत नव्हती. इतकें करूनही टाळूंत एक बारीक छिद्र राहिलें. असें कधीं कधीं होतें, व त्यांत कोणाची हयगय असतेच असें नाहीं. चवथ्या वर्षीं तिसरी शस्त्रक्रिया झाली.

अशा दिवशीं आईबापांस अब्राहाम व इसहाक ह्यांची कथा सांगणारे लोक आहेत. आम्हांसही एका सद्भावी गृहस्थानें ती दाराबाहेर सांगितली. उपदेशकहो, कृपा करून ती त्या दिवशीं सांगूं नका. तेथें सुरी मुलास मारण्यासाठीं उचललेली नाहीं, आणि आईबापांचा विश्वास पाहण्यासाठीं देवानें लेकराचें मुख फाडिलें, असें आम्ही मानीत नाहीं. त्यांजपाशीं बसावें, चहा आणून द्यावा, घरची म्हैस कोणी बांधली तें सांगावें. त्या दाराबाहेर आम्हांस एका वाक्याहून लांब प्रार्थना सुचली नाहीं. मुलगा शुद्धीवर आला तेव्हां रक्तानें माखलेल्या तोंडानें रडत रडत त्यानें त्याच आईकडे हात पसरले, जिनें बोटें सोडवून त्यास देऊन टाकिलें होतें. विश्वासाविषयीं आम्हीं आजवर वाचलें व सांगितलें त्यांत ह्यासारखें कांहीं नव्हतें.

आणखी एक गोष्ट. मुलास फसवून नेऊं नये. जत्रेस जाऊं म्हणून सांगून रुग्णालयांत नेलेलें एक मूल आम्हांस ठाऊक आहे. पुढें बाप बाजारास चल म्हणाला तरी तें दाराची चौकट धरून ओरडे. आमच्या मुलानें तिसऱ्या वेळीं विचारलें, "आणखी किती वेळां?" त्याच्या आईनें उत्तर दिलें, "आणखी दोनदां तरी, बाळा. दुखेल. पण दर वेळीं मी दाराशीं असेन." तो थोडा रडला व मग जेवला. खऱ्या उत्तरानें भीति जात नाहीं. पण आई जें बोलते तें तसेंच घडतें, एवढें तरी मुलास उरतें, आणि पुढच्या खेपेस त्याला धरावयास तेंच लागतें.

आतां बोलण्याविषयीं. टाळूंतून वारा नाकांत निसटतो म्हणून ब, प, त, क हे वर्ण अशा मुलास कठीण जातात. म आणि न सोपे जातात. आमचा मुलगा पुष्कळ दिवस 'बाबा' ह्या शब्दाच्या ठिकाणीं 'मामा' म्हणे, व शेजारपाजारचे हंसत. प्रभूची प्रार्थना म्हणतांना 'बापा' ह्या हांकेचेंही तेंच होई. ती हांक कोणास होती ह्याविषयीं स्वर्गांत घोटाळा झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं! मोशे म्हणाला कीं, मी जड जिभेचा आहें. त्यावर मनुष्याचें मुख कोणी केलें, असें देवानें त्यास विचारलें. हें उत्तर कठीण आहे, व आम्ही तें पुष्कळ वेळां वाचून पुस्तक मिटून ठेविलें आहे. परंतु त्यापुढचें पाहा: मोशेची जीभ त्या ठिकाणीं मोकळी झाल्याचें लिहिलेलें नाहीं, अहरोन त्याजकडे यावयास निघाला होता, असें लिहिलें आहे. वाचा शिकविणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात. ते आईस जें दाखवितील तें घरीं रोज करावें लागतें: आरशापुढें वाफ धरणें, ओठ मिटून 'प' फोडणें, एकेक शब्द शंभरदां. महिने लागतात. ह्यांत आजीनें, भावंडांनीं, शाळेच्या बाईंनीं अहरोन व्हावयाचें आहे.

पैशाची अडचण सांगून कोणी थांबूं नये. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी होते, व हा दोष त्यांत मोडतो. १९९९ सालीं स्थापन झालेल्या स्माइल ट्रेन ह्या संस्थेच्या साह्यानें पुष्कळ रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. उपदेशकांनीं अंगणवाडीच्या बाईंस किंवा आशाताईंस विचारून जवळचें ठिकाण टिपून ठेवावें. विनामूल्य म्हटलें तरी मजुरी बुडते, एस.टी.चें भाडें लागतें, आणि घरीं दुसरीं लेंकरें असतात, ज्यांस वाटूं लागतें कीं, आपलें कांहीं दुखत नाहीं म्हणून आपणांकडे कोणी पाहत नाहीं. तीं लेंकरें आठवडाभर कोणी आपल्या घरीं ठेवून घेईल काय? पाणी पाळीचें असेल तर रात्रीं त्यांच्या वाफ्यावर कोण जाईल? हें पंचांनीं शस्त्रक्रियेच्या आधींच्या रविवारीं ठरवावें, नंतरच्या नव्हे. बापानेंही एकदां आईस गाडींत बसवून दिलें म्हणजे आपलें झालें असें समजूं नये. रात्रीं मूल कण्हतें तेव्हां खाटेच्या दुसऱ्या बाजूस माणूस लागतो.

मफीबोशेथ दावीद राजाच्या मेजावर नित्य जेवूं लागला. पाय बरे झाल्यावर ये, असें त्यास कोणी म्हटलें नाहीं. तो अध्याय संपतो तेथेंही त्याचे दोन्ही पाय लंगडेच आहेत. ज्या मंडळींत असें मूल असेल, तेथील शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंति आहे कीं, येत्या रविवारीं पाठ म्हणावयास त्याला उभें करावें. इतर मुलांस आधीं गप्प बसवावें, आणि तो अडखळला तर त्याचा शब्द आपण पुरा न करितां थांबावें.