गाडीतली पेटी कोण ढकलते?

अकरावीच्या एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात एक गणित आहे. ट्रकची मागची बाजू उघडी आहे, त्या टोकापासून 5 मीटरवर 40 किलोची पेटी ठेवली आहे आणि पेटी व तळ यांच्यातला घर्षणांक 0.15 आहे. ट्रक थांबलेल्या अवस्थेतून सुटतो आणि त्याचा वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंद या दराने वाढत जातो. पेटी पडेपर्यंत ट्रकने किती अंतर कापले असेल? उत्तर 20 मीटर येते. मात्र त्या उत्तराच्या आधी आकृतीत घर्षणाचा बाण काढावा लागतो आणि तो मागच्या दिशेने काढण्याचा मोह फार मोठा असतो. घर्षण म्हणजे विरोध, ट्रक निघाला पुढे, म्हणून घर्षण मागे, असा तो सरळ वाटणारा हिशेब. खरा बाण पुढच्या दिशेने असतो. इंजिनाचा पेटीशी काहीही संबंध येत नाही, तिला फक्त तळ टेकलेला असतो. तिला पुढे न्यायचे तर तळानेच न्यायला हवे, आणि तळाजवळ त्यासाठी घर्षणाखेरीज दुसरे साधन नाही.

हा उलटा बाण मला विचारांच्या इतिहासातली मोठी खूण वाटतो. तो सरळ करायला माणसाला फार काळ लागला, आणि तो सरळ करणारे लोक एका वाटेने आले नाहीत.

अॅरिस्टॉटलच्या जगात गतीला कायम ढकलणारा लागत असे. ढकलणारा थांबला की वस्तू थांबणार, हा तिचा स्वभावच. आपल्याकडे इ.स. 499 मध्ये आर्यभटाने पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाचा दाखला दिला, त्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. पृथ्वी फिरते हे समजावण्यासाठी त्याला तो हवा होता, आणि तेवढ्यासाठी तो अचूक आहे. पण त्या दाखल्यात डोळ्याला काय दिसते ते आले आहे. नाव सुटताना पायाखाली काय होते, तो प्रश्न वेगळा.

गॅलिलिओने 1632 च्या आपल्या ‘संवादा’त वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेले. तिथे फुलपाखरे उडतात, टांगलेल्या भांड्यातून पाणी थेंब थेंब खालच्या भांड्यात पडते, आणि जहाज चालले आहे की उभे आहे हे खोलीतल्या कशावरूनच सांगता येत नाही. अट एकच, वेग एकसारखा हवा. या अटीमुळेच युक्तिवाद बळकट झाला, आणि याच अटीमुळे आपला प्रश्न खोलीच्या बाहेर राहिला. खोलीतल्या पेटाऱ्याकडे जहाजाचा वेग आहे, हे मान्य. तो त्याला मिळाला कधी? जहाज धक्क्यावरून सुटले तेव्हा. आणि कोणी दिला? खोलीच्या तळाने. गॅलिलिओची खोली सुरू होते ती हा सगळा व्यवहार आटोपल्यानंतर.

1687 मध्ये न्यूटनने जडत्व नियमात बसवले. बदल हवा असेल तर बल लागते, चालू गती टिकवायला लागत नाही. आता ट्रककडे पुन्हा पाहू, पण या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहून. गुरुत्वत्वरण 10 धरले तर तळ त्या पेटीला जास्तीत जास्त 60 न्यूटनचे बल देऊ शकतो, म्हणजे तिचे त्वरण फार तर 1.5. ट्रकचे 2 आहे. साधारण साडेचार सेकंदांत ट्रक 20 मीटर जातो आणि पेटी 15 मीटर जाते, पुढेच. ट्रकमध्ये बसलेला माणूस म्हणेल, पेटी मागे फेकली गेली. रस्त्यावरच्या माणसाने तिला एक क्षणही मागे जाताना पाहिलेले नाही. ती मागे पडली, कारण तळाची ताकद अपुरी पडली. हे दृश्य मी जितक्या वेळा मनाशी रंगवतो, तितक्या वेळा त्यातला स्वच्छपणा मला आनंद देतो.

गतीचा हा विचार चालू असताना घर्षणाचा अभ्यास दुसरीकडे, यंत्रांच्या आसपास चालला होता. लिओनार्दो दा विंचीने घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकारावर ते अवलंबून नसते, हे आपल्या वह्यांत नोंदवले होते, पण वह्या अप्रकाशित राहिल्या. तेच नियम गियोम आमोंतोंने 1699 मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे नव्याने मांडले. लष्करी अभियंता कूलोंब रोशफोरच्या जहाजगोदीत लाकडावर लाकूड ओढून मोजत बसला आणि 1781 मध्ये त्याला अकादमीचे पारितोषिक मिळाले. लाकूड जितका जास्त वेळ निवांत पडून राहील तितके ते हलवायला जास्त जोर लागतो, हेही त्याने टिपले. या लोकांना घर्षण भेटले ते खर्च म्हणून. यंत्रात घातलेल्या श्रमातला किती भाग ते खाऊन टाकते, हा त्यांचा प्रश्न होता. जिथे घर्षण वाटेकरी म्हणून मोजले जाते, तिथे ते दाता म्हणून दिसणे अवघडच. ताशी 72 किलोमीटरच्या वेगाला हळूहळू पोचलेल्या ट्रकमधली 40 किलोची पेटी घ्या. तिच्याजवळ 8000 ज्यूल गतिज ऊर्जा असते आणि ती सगळी स्थितिक, म्हणजे वस्तूला सरकू न देणाऱ्या, घर्षणाच्या हातून आलेली असते.

या घर्षणाचा स्वभाव समजून घेणे मला सूत्रापेक्षा महत्त्वाचे वाटते. ते ठरलेल्या मापाचे नसते. ट्रकचे त्वरण 0.5 असेल तर त्या पेटीवर 20 न्यूटन, 1 असेल तर 40, आणि सपाट रस्त्यावर वेग एकसारखा झाला की शून्य. जेवढी गरज तेवढेच. घर्षणांक आणि भार यांचा गुणाकार ही फक्त कमाल मर्यादा. ब्रेक लागला की तेच घर्षण दिशा बदलून मागच्या बाजूने धरते, वळणावर आतल्या बाजूने.

जड माल आपल्या वजनाने जागेवर राहतो, हा समज मात्र खोटा आहे आणि घातकही. वजन वाढले की तळाची पकड वाढते खरी, पण माल सोबत न्यायला लागणारे बलही तेवढ्याच पटीने वाढते. दोन्हीकडचे वस्तुमान कटते. तळ सारखाच असेल तर 40 किलोची पेटी आणि 4 टनांचे यंत्र एकाच त्वरणाला सुटतात. फरक एवढाच की ब्रेक लागल्यावर 4 टनांचे यंत्र केबिनच्या दिशेने येते.

गतीच्या आणि घर्षणाच्या या दोन वाटा जिथे मिळतात ती जागा मला सगळ्यांत सुंदर वाटते. 1750 च्या सुमारास ऑयलरने उतारावर ठेवलेल्या वस्तूचा विचार केला. उतार हळूहळू वाढवत नेला की एका कोनाला ती सुटते, आणि त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच घर्षणांक. स्थिर वस्तूचे घर्षण आणि सरकत्या वस्तूचे घर्षण वेगळे असते, हेही त्याने त्यातूनच दाखवले. पुढे 1907 मध्ये, बर्नच्या पेटंट कचेरीत असताना, आइन्स्टाइनने म्हटले की त्वरण आणि गुरुत्व यांत आतून भेद करता येत नाही. ऑयलर आणि आइन्स्टाइन यांना शेजारी ठेवा. त्वरण घेणारी सपाट गाडी आतल्या पेटीसाठी मागे उतरता झालेला तळ असते. 0.15 घर्षणांकाच्या पेटीसाठी तो साडेआठ अंशांचा उतार. एका फळीवर पेटी ठेवून फळी उचलत जा, ती सुटेल तेव्हा उंचीला पायाने भागा आणि 9.8 ने गुणा. गाडी किती त्वरणापर्यंत त्या पेटीला सांभाळेल, ते घरच्या घरी मिळते.

उंचीला पायाने भागून येणारा हा आकडा दोन पृष्ठभागांत कुठून येतो, ते विसाव्या शतकात केंब्रिजला बाउडन आणि टेबर यांनी उलगडले. त्यांचा ग्रंथ 1950 चा. नजरेला सपाट वाटणारे पृष्ठभाग खरे टेकतात ते थोड्या उंचवट्यांवर, आणि भार वाढला की ती खरी टेकण वाढते. आमोंतोंच्या नियमाला त्यामुळे आधार मिळाला. कूलोंबच्या निवांत लाकडाचेही कोडे त्याच दिशेने सुटत गेले, कारण टेकलेले उंचवटे वेळेबरोबर हळूहळू अधिक चेपतात.

युरोपातल्या माल बांधण्याच्या मानकात ब्रेक लागताना मालावर त्याच्या वजनाच्या 0.8 पट बल पुढे येते असे धरतात, वळणावर 0.5 पट. उताराच्या मापात हे जवळपास 39 आणि साडेसव्वीस अंश होतात. लाकडी तळाच्या हौद्यात मोकळी ठेवलेली लाकडी पेटी 39 अंशांवर टिकणार नाही. त्यासाठी तळाला रबरी चटई घालून घर्षणांक वाढवतात, किंवा वरून पट्टा आवळतात. पट्ट्याचा दाब पेटीला तळावर दाबतो, पण तिचे वस्तुमान वाढवत नाही; मघाशी कटलेला हिशेब इथे कटत नाही आणि मर्यादा खरोखर वर जाते. आपल्या रस्त्यांवर पट्ट्याचा आणखी एक उपयोग आहे. चाक खड्ड्यात गेले की क्षणभर तळ खाली सुटतो, पेटीचा भार हलका होतो, आणि त्या क्षणी तिला धरणारे घर्षणही तेवढेच घटते. मोकळी पेटी अशा प्रत्येक खड्ड्यात बोटभर सरकत फाळक्यापर्यंत पोचते. आवळलेला पट्टा त्या क्षणीही तिला तळाशी दाबून असतो.