मासा मेला, पण संकट कोणावरचं?

हॉलमधला फ्लॉवरहॉर्न मेला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: घरावर काहीतरी मोठं येणार होतं, त्यानं ते अंगावर घेतलं. आरोवानाबद्दलही हेच सांगतात. या समजुतीला पोथीचा आधार शोधण्यात अर्थ नाही. फ्लॉवरहॉर्न हा माणसानं संकरातून घडवलेला मासा. १९९०च्या दशकात मलेशियात तो तयार झाला आणि फेंगशुईचं बोट धरून आपल्या दिवाणखान्यांत आला. दुकानदाराला मात्र ही समजूत फार सोयीची. मेलेल्या माशाची तक्रार घेऊन कोणी येत नाही, उलट घर राखायला दुसरा मासा घेऊन जातात.

मासा प्रत्यक्षात कशानं मेला हे पाहू गेलं, तर संकट टाकीतच सापडतं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेले दाणे कुजूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीत साचतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, तळच्या खडीवर वस्ती करतात. पण ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लोक सकाळी टाकी आणतात, संध्याकाळी त्यात डझनभर मासे सोडतात. काही दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात, कारण अमोनियानं कल्ले जळतात आणि नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. घाबरून मालक सगळं पाणी बदलतो, स्पंज नळाखाली खसाखसा धुतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मग उरल्यासुरल्या जिवाणूंनाही मारतं. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि मासे मरत राहतात.

इथे प्रश्न धर्माचा होतो. नकळत घडलेल्या या मरणाला हिंसा म्हणायचं का?

जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या आधी एक अट ठेवली आहे: तो प्रमादातून जायला हवा. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेसावधपणा. मारण्याचा हेतू नव्हता, एवढ्यावर सुटका नाही. काळजी घेतली होती का, हे विचारलं जातं. शिवाय जैन विचारात मासा पंचेंद्रिय जीव आहे, म्हणजे त्याचा जीव हलका धरायची सोय नाही. माशाला वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचलं, तेव्हा त्या माशांनी पुन्हा खायला लागायला जास्त वेळ घेतला आणि आम्ल टोचलेले मासे ओठ खडीवर घासू लागले. संशयाचा फायदा माशाला द्यायला एवढं पुरेसं आहे.

योगसूत्रावरच्या व्यासभाष्यात अपुऱ्या अहिंसेचं उदाहरण म्हणून कोळीच येतो: हिंसा करतो, पण फक्त माशांची. आजच्या काही घरांत याच्या बरोबर उलटं चित्र दिसतं. स्वयंपाकघरात मासळीचा वासही चालत नाही आणि हॉलमध्ये दर महिन्याला दोन-चार मासे दगावतात. यातला कोळी निदान आपण काय करतो ते जाणून असतो.

सर्वांत अवघड गोष्ट पुण्यकर्माची. देवळाच्या तळ्यात माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हे आपल्याकडे सत्कर्म मानलं जातं. तीच माया घरच्या टाकीवर उतरते: आजोबा सकाळी चिमूटभर घालतात, सून दुपारी, मुलं शाळेतून आल्यावर. मासा काचेला तोंड लावून आला म्हणजे भुकेला आहे, असा सगळ्यांचा समज. खरं तर दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच त्याला पुरतं. गोल्डफिशला तर जास्तीचं साठवायला जठरच नसतं. बरेच जाणकार आठवड्यातून एक दिवस दाणे बंद ठेवायला सांगतात. माशांची एकादशी म्हणा हवं तर! टाकीतली दया हात आखडता घेण्यात असते, आणि दानाची सवय जडलेल्या घराला ते जमत नाही.

शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखी आहे. हात धुण्याच्या पाण्यात सापडलेला चिमुकला मासा मनूकडे आश्रय मागतो, आणि मागतानाच पुढचंही सांगून ठेवतो: आधी मडक्यात ठेव, वाढलो की खड्डा खण, त्याहून वाढलो की समुद्रात सोड. मनू प्रत्येक वेळी जागा वाढवतो. आज दुकानात दोन इंचांचा ऑस्कर मासा घेणाऱ्याला मात्र तो फूटभर होईल हे क्वचितच सांगितलं जातं. रेड-टेल कॅटफिश तर मीटरभर वाढू शकतो.

मनूच्या गोष्टीतला शेवटचा टप्पा मात्र आज घातक ठरतो. टाकीत न मावणारा मासा नदीत सोडला की जीवदान दिल्यासारखं वाटतं. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच आपल्या पाण्यात शिरला आणि कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून उजनी धरणापर्यंत मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला. त्याच्या खरखरीत, काटेरी अंगानं जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही, आणि तो स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर हे माशांवरच्या श्रद्धेचं चांगलं उदाहरण आहेत, कारण तिथे मासा त्याच्याच नदीत आहे. घरच्या टाकीतला नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, किंवा मोठी टाकी असलेला हौशी माणूस शोधावा. नदीत, तळ्यात किंवा विहिरीत तो कधीही सोडू नये.