दैवाचा नंबर पाचवा

दगडखाणीत माणूस गेला की तासाभरात एक वाक्य ठरून जातं: त्याची वेळ भरली होती. मुकादम म्हणतो, मालक म्हणतो, पुष्कळदा मयताच्या घरचेही म्हणतात. वाक्य एकच, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचं काम वेगळं. घरच्यांना त्याने आधार मिळतो. मालकाला पंचनाम्याआधीच निकाल मिळतो. कर्मसिद्धान्ताचा हा दुसरा वापर आपल्याच परंपरेच्या कसोटीला उतरत नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे. त्यासाठी मार्क्सकडे जायला नको. गीता, बुद्ध आणि जैन आचार्य पुरेसे आहेत.

आधी खाणीत काय होतं ते पाहू. महाराष्ट्रातला काळा पाषाण दिसायला अखंड, पण लाव्हाच्या थरांवर थर बसून तो झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या ठिसूळ दगडाचा पट्टा असतो, आणि लाव्हा निवताना पडलेल्या उभ्या भेगा तर सगळीकडे असतात. पावसाचं पाणी त्यांत मुरतं. खालून माल काढत गेलं की वरचा भाग अधांतरी राहतो. अशा कड्यावर कमरेला दोर बांधून माणूस जॅकहॅमरने भोकं मारतो, भोकांत दारू ठासतात, बार उडवतात. एखादा बार फसतो आणि दारू तशीच आत राहते. 1961 च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सनी यावर काय सांगितलं होतं? टणक खडकातही खाणीच्या पायरीची उंची 6 मीटरच्या वर नको. काठापासून 3 मीटरच्या आत सुटा दगड नको. बार उडवताना 300 मीटरच्या टापूतली सगळी माणसं आडोशाला हवीत. दगड कसा सुटतो आणि किती लांब उडतो हे ठाऊक असल्याशिवाय असे आकडे लिहिता येत नाहीत. म्हणजे धोक्याचं स्वरूप माहीत होतं, उपाय माहीत होता, आणि तो लेखी होता. मग वीस मीटरचा सरळसोट कडा अंगावर आला, तर त्यात दैवाचा वाटा नेमका किती?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. गीतेला तिथे खाणीतला अपघात समजावायचा नव्हता, हे उघड आहे. विषय आत्म्याच्या अकर्तेपणाचा आहे. पण कार्यकारणाची ही मांडणी सर्व कर्मांना लागू आहे असं ती स्वतःच सांगते, तर ती खाणीलाही लावून बघू. अधिष्ठान म्हणजे तो कडा. कर्ता म्हणजे भोकं मारणारा, त्याला तिथे चढवणारा आणि त्याच्या कामाचा पैसा करणारा. साधनं म्हणजे दोर, वात, जॅकहॅमर. क्रिया म्हणजे खालून पोखरत जाण्याची पद्धत. या चारांचा हिशेब झाल्यावर जे उरेल ते दैव. आपण पाचवं कारण पहिलं घेतो, आणि मग उरलेली चार बघायचं कारणच राहत नाही. बुद्धाने हाच प्रश्न अधिक थेट हाताळला. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण म्हणतात, खरं काय? असं सीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारल्याची नोंद संयुत्त निकायात आहे. उत्तरात बुद्धाने आठ कारणं मोजली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतूंचा पालट, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळं एका पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला दिसणाऱ्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टींच्याही पलीकडे जातात, असं त्याने पुढे स्पष्ट सांगितलं. डोक्यात पडलेला दगड यादीत कुठे बसतो, हे शोधायला पांडित्य लागत नाही.

जैन विचार याहून कडक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडली: बेसावध, बेफिकीर वृत्तीतून जीव जाणं ही हिंसा. कुंदकुंदांनी तर प्रवचनसारात म्हटलं की समोरचा जीव मरो वा जगो, बेफिकिरीने वागणाऱ्याला हिंसा लागतेच; सावध राहून वागणाऱ्याला मात्र केवळ जीव गेला म्हणून बंध पडत नाही. म्हणजे सुटे दगड न काढता ज्याने माणसं खाली उतरवली, त्याच्या खाणीत वर्षभर कुणी मेलं नाही तरी तो निर्दोष ठरत नाही. मरण न येणं हे त्याचं नशीब असेल, पुण्य नव्हे. आपला सगळा गदारोळ प्रेत निघाल्यावर सुरू होतो. कुंदकुंदांच्या हिशेबाने दोष त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेला असतो.

यावर ठरलेला आक्षेप असा: मजूर स्वतःच ऐकत नाहीत. हेल्मेट घालत नाहीत, पिऊन येतात, फसलेला बार बघायला लगेच धावतात. यातलं काही खरं आहे, पण मजुरी कशावर मिळते तेही बघावं. जिथे मोबदला ब्रासवर, म्हणजे शंभर घनफूट मालाच्या हिशेबाने, तिथे फसलेल्या बाराजवळ न जाता थांबलेला अर्धा तास मजुराच्या खिशातून जातो. वर मुकादमाची उचल फेडायची असते. घाई हा त्याचा स्वभाव मानायचा की दराचा परिणाम? कायद्याने या बाबतीत धर्मचर्चेपेक्षा जास्त समज दाखवली. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात मजूर दारू प्यायलेला असेल किंवा त्याने जाणूनबुजून नियम मोडला असेल, तर मालकाला काही सवलत होती. पण 1995 च्या दुरुस्तीनंतर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आल्यास ती सवलत उरली नाही. चूक मजुराची असली तरी तिची किंमत जीव ही असू नये, हा त्यामागचा विचार. अर्थात हजेरीपुस्तकात नावच नसेल तर हा विचार त्या घरापर्यंत पोचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रारब्धावरची श्रद्धा काढून घेतली तर मयताच्या बायकोपाशी राहतं काय? संतापाने नवरा परत येत नाही. हे मान्य. म्हणून ती श्रद्धा काढून घ्या असं मी म्हणत नाही. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार ते दुःख सोसणाऱ्याला आहे. त्यात धीर आहे, कधी मोठेपणही आहे. तेच दुसऱ्याच्या दुःखाबद्दल, आणि तेही त्यातून आपली सुटका होत असताना म्हणणं, ही श्रद्धा नाही, सोय आहे. ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाकावर जे प्रकरण लिहिलं, त्याच्या शीर्षकातच आत्मस्वातंत्र्य जोडून घेतलं आहे. कर्माचं फळ भोगणं आणि पुढचं कर्म करायला मोकळं असणं ही एकाच सिद्धान्ताची दोन अंगं आहेत. मालकाने त्यातलं भोगणं मजुराला द्यायचं आणि मोकळेपण स्वतःकडे ठेवायचं, अशी वाटणी कुठल्याच शास्त्रात नाही. सगळी काळजी घेऊनही खडक कधी फसवतो, हे खरंच. तिथे दैव म्हणावं, मीही म्हणेन. पण आधी ती काळजी दाखवा.

आणि हा प्रश्न एकट्या खाणमालकाचा नाही. गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार काळ्या पाषाणात चालले आहेत. पायाभरणीचा मुहूर्त काढला जातो, दगडाचा पोत पारखला जातो, घडीव कामाचा दर ठरतो. खाणीत किती माणसं जखमी झाली हे मात्र कुणी विचारत नाही. जीर्णोद्धार समित्यांनी दगडाची ऑर्डर देण्याआधी खाणीची अपघातांची नोंदवही आणि मजुरांचं हजेरीपुस्तक मागावं. ती मिळाली नाहीत तर दुसरी खाण बघावी.